मास्टोडॉनवर नवीन आहात? पहिल्या पंधरवड्यात हे करून बघा

मास्टोडॉन हे ट्विटरसारखं सोशल नेटवर्क. त्यावर खातं उघडलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून मला पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकू येतं, "इथे तर काहीच नाही हो." आणि ते खरंही असतं. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवते, पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फिरून रानफुलांचे फोटो काढते आणि ते मास्टोडॉनवर टाकते. त्यामुळे ओळखीतले शिक्षक, ट्रेकर, पक्षी बघणारे, सगळ्यांना खातं उघडून द्यायचं काम आपसूकच माझ्याकडे येतं. नवा माणूस कुठे अडतो हे त्यातून नीट कळलं. अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिल्या पंधरा दिवसांत त्या ओलांडल्या की माणूस रमतो, नाही ओलांडल्या तर निघून जातो.

२०१९ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं आणि त्या नोव्हेंबरात भारतातून मास्टोडॉनवर लोंढाच आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून दुसरा, कितीतरी मोठा लोंढा आला. माझ्या ओळखीतले दोन्ही वेळचे बरेच जण आठवड्याभरात परतले. जागा वाईट होती म्हणून नव्हे, तर पान कोरं का दिसतंय हे त्यांना कोणी सांगितलंच नाही म्हणून.

पान कोरं दिसतं कारण ते तुमच्यासाठी भरणारं तिथे कोणी नाही. होम म्हणजे तुम्ही ज्यांना फॉलो केलंत त्यांच्या पोस्टी, नवीन वर आणि जुनी खाली, एवढंच. जाहिरात नाही, "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून मध्ये घुसवलेलं काही नाही. सुरुवातीला काही खाती सुचवली जातात, पण त्यात मराठी माणूस क्वचितच सापडतो. म्हणजे पहिलं काम तुमचंच, माणसं शोधायचं.

त्याआधी सर्व्हर. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये मास्टोडॉन सुरू केलं तेच मुळी एका कंपनीची एक साइट अशा रूपात नाही. ते सॉफ्टवेअर कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं, आणि असे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात. जीमेलवरून याहूला मेल जातो, तसंच. ज्या नियमावलीने ते बोलतात तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली. फोटोंसाठीचं पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूब हीसुद्धा तीच भाषा बोलतात, म्हणून मास्टोडॉनच्या खात्यावरून तिथल्या माणसालाही फॉलो करता येतं. या सगळ्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

सर्व्हर निवडताना लोक दोन-दोन दिवस घालवतात. तेवढी गरज नाही, कारण पुढे बदलता येतो. पण तीन गोष्टी जरूर बघा. सर्व्हरचं "अबाउट" पान उघडा. चालवणारा कोण, नियम काय, आणि खर्च कुठून भागतो हे तिथे लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरं, तो जॉइनमास्टोडॉन या मास्टोडॉनच्याच साइटवरच्या अधिकृत यादीत आहे का. त्या यादीतल्या सर्व्हरांनी रोज बॅकअप घेण्याचं, वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष चालू न देण्याचं आणि बंद करायची वेळ आलीच तर तीन महिने आधी कळवण्याचं कबूल केलेलं असतं. तिसरं, पत्त्याचं शेपूट. "क्वीअर डॉट एएफ" नावाचा एक सर्व्हर होता. एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारच्या मंत्रालयाने तो पत्ताच काढून घेतला आणि सर्व्हर एका रात्रीत दिसेनासा झाला. गंमत म्हणून घेतलेलं दुसऱ्या देशाचं डोमेन दिसलं तर जरा थांबा. काहीच सुचत नसेल तर मास्टोडॉन डॉट सोशल घ्या. तो खुद्द मास्टोडॉन बनवणारी संस्था चालवते. गर्दी फार आहे, पण सुरुवातीला अडचण येत नाही.

काही सर्व्हर "तुम्हाला इथे का यायचं आहे?" असं विचारतात आणि मंजुरीला वेळ घेतात. ते उत्तर एक माणूस वाचणार असतो, म्हणून दोन खरी वाक्यं लिहा. रिकामं सोडलं तर अर्ज बाजूला पडतो.

खातं मिळाल्यावर लगेच कोणाला फॉलो करत सुटू नका. आधी फोटो लावा, चार ओळींची ओळख लिहा आणि एक परिचयाची पोस्ट टाका. कारण तुम्ही फॉलो केलंत की समोरचा तुमचं पान उघडून बघतो, आणि ते कोरं असेल तर बोगस खातं समजून पुढे जातो. परिचय मोघम नको. "निसर्गप्रेमी, वाचनाची आवड" यावरून कोणालाच काही कळत नाही. माझी पोस्ट साधारण अशी होती:

"नमस्कार. साताऱ्यात राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. जून ते ऑक्टोबर कास आणि चाळकेवाडीच्या सड्यांवर असते. सोनकी, तेरडा, दवबिंदू, आभाळी यांचे फोटो टाकेन. गवतं ओळखायला शिकते आहे, त्यात मदत हवी. #परिचय #मराठी #रानफुलं #सह्याद्री"

शेवटच्या ओळीतले हॅशटॅग शोभेला नाहीत. मास्टोडॉनवर शोध घेताना ज्यांनी स्वतःहून परवानगी दिली त्यांच्याच पोस्टींचा मजकूर सापडतो, आणि ही सोयसुद्धा सप्टेंबर २०२३ मध्ये आली. हॅशटॅगवरून मात्र तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेली सार्वजनिक पोस्ट सापडतेच. म्हणून मराठी लिहिणाऱ्याने मराठी हॅशटॅग लावावाच, आणि जोडीला इंग्रजी लिपीतला "इंट्रोडक्शन" हाही लावावा. तो नेमाने बघणारे, नव्या माणसाचं स्वागत करणारे लोक जगभर आहेत. इंग्रजी हॅशटॅगात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला ते शब्द सुटे ऐकू येतात.

पोस्ट लिहिण्याच्या चौकटीत भाषा निवडायची जागा असते. तिथे "मराठी" करा. नवे लोक हमखास विसरतात आणि मराठी पोस्ट इंग्रजीच्या नावाने जाते. मग ज्यांनी मराठी पोस्टी मागितल्या आहेत त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही, आणि ज्या सर्व्हरवर भाषांतराचं बटण आहे तिथे तेही चालत नाही.

आता माणसं. व्यक्तीप्रमाणे हॅशटॅगही फॉलो करता येतो. ही सोय नोव्हेंबर २०२२ मधली, आणि नवख्यासाठी याहून उपयोगाचं दुसरं काही नाही. मराठी, महाराष्ट्र, सह्याद्री, तुमचं गाव, तुमचा छंद असे आठ-दहा हॅशटॅग दोन्ही लिप्यांत फॉलो केलेत की संध्याकाळपर्यंत होम भरायला लागतं. त्यातून आवडलेल्या माणसांना फॉलो करा. मराठी मंडळी इथे थोडी आहेत, हे आधीच सांगते. पण जी आहेत ती उत्तर देतात.

एका जागी मात्र सगळे अडखळतात. कोणीतरी व्हॉट्सॲपवर एखाद्याच्या मास्टोडॉन पानाची लिंक पाठवतं. तुम्ही ती उघडता, "फॉलो" दाबता, आणि समोर लॉगिन मागितलं जातं. तुमचा पासवर्ड तिथे चालत नाही, कारण ते पान दुसऱ्या सर्व्हरचं आहे. नवं खातं काढू नका. त्या पानाचा पत्ता कॉपी करा, आपल्या ॲपमध्ये किंवा आपल्या सर्व्हरवर या, शोधाच्या चौकटीत तो चिकटवा. तोच माणूस आता तुमच्या घरच्या पानात दिसेल आणि फॉलो लागू पडेल. पूर्ण हँडल टाकलं तरी चालतं. त्यात नाव आणि सर्व्हर असे दोन भाग असतात, दोन्ही लागतात.

तिथे त्या माणसाच्या दोनच पोस्टी दिसल्या, किंवा एकही नाही, तर तो काही लिहीत नाही असं समजू नका. तुमच्या सर्व्हरवरून त्याला आजवर कोणी फॉलो केलं नसेल तर जुन्या पोस्टी तुमच्याकडे आलेल्याच नसतात. त्याचं मूळ पान उघडून वाचा. फॉलो केल्यापासूनच्या पोस्टी येत राहतील.

लाइकचा अर्थही इथे वेगळा आहे. ताऱ्याचं बटण दाबलं की लिहिणाऱ्याला आनंद होतो, पण पोस्ट कोणाकडे जात नाही. पुढे न्यायची तर बूस्ट करावी लागते. फेसबुकवरून आलेली मंडळी तारे देत राहतात आणि मग मराठी पोस्टी कोणाला दिसतच नाहीत. मराठीत चांगलं लिहिलेलं दिसलं की बूस्ट करा, अगदी मोकळ्या हाताने. पोस्टीखालच्या आकड्यांकडे फार बघू नका. दुसऱ्या सर्व्हरांवरचे तारे आणि बूस्ट तुमच्याकडे पूर्ण मोजले जातातच असं नाही.

मला इथे धरून ठेवलं ते उत्तरांनी. दवबिंदूचा फोटो टाकला होता, पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, एका थेंबात अडकलेला डास. कीटकभक्षी वनस्पती घरी वाढवणाऱ्या एका जर्मन गृहस्थांनी विचारलं की सड्यावर मातीचा थर किती असतो आणि पाऊस संपल्यावर ही रोपटी जगतात कशी. मी बोटभर मातीबद्दल, खालच्या जांभ्याबद्दल आणि उन्हाळ्यात फक्त बी उरतं त्याबद्दल लिहीत गेले. मध्येच कोकणातल्या एका शिक्षिकेने तिकडच्या सड्यांवरचं सांगितलं. असं बोलणं व्हायला हजारो फॉलोअर लागत नाहीत. म्हणून नव्या माणसाने रोज एक पोस्ट टाकण्यापेक्षा रोज तीन जणांना नीट उत्तर द्यावं असं माझं ठाम मत आहे.

फोटो टाकलात की त्याचं वर्णन लिहायची चौकट येते. ती भरा. इथे हा शिष्टाचार मानला जातो, आणि वर्णन नसलेला फोटो बरेच जण बूस्ट करत नाहीत. "फूल" एवढं पुरत नाही. "काळ्या कातळावर पसरलेली सोनकीची पिवळी फुलं, मागे धुकं आणि पवनचक्कीचं एक पातं" असं लिहिलं की न दिसणाऱ्यालाही चित्र मिळतं. पोस्टीला साधारणपणे ५०० अक्षरांची मर्यादा असली तरी वर्णनाला १५०० मिळतात.

खासगी उल्लेख, म्हणजे ज्यांचं हँडल लिहिलं फक्त त्यांनाच जाणारी पोस्ट, म्हणून जो प्रकार आहे, तो खरोखर खासगी नाही. तो कुलूपबंद नसतो, दोन्हीकडच्या सर्व्हर चालवणाऱ्यांना तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. शिवाय त्यात तिसऱ्या कोणाचं हँडल टाकलंत तर तो मजकूर थेट त्यालाही जातो. फोन नंबर, पत्ता, पैशांचं काही तिथे लिहू नका.

कोणी त्रास दिला तर म्यूट, ब्लॉक आणि तक्रार आहेच. एखाद्या अख्ख्या सर्व्हरलाही ब्लॉक करता येतं. सर्व्हरवालेही तसं करतात. २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेलं गॅब हे सोशल नेटवर्क मास्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले.

दोन-तीन महिन्यांनी सर्व्हर बदलावासा वाटला तर क्रम असा. नवीन ठिकाणी खातं काढा, तिथल्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचं नाव जोडा, मग जुन्या खात्यातून "मूव्ह" करा. फॉलोअर आपोआप येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता ती यादी मात्र फाइल म्हणून उतरवून नव्या ठिकाणी चढवावी लागते, आणि जुन्या पोस्टी जुन्याच ठिकाणी राहतात. म्हणून सेटिंगमधल्या एक्स्पोर्टच्या पानावरून आपल्या पोस्टी आणि फोटोंची प्रत अधूनमधून मागवून घरच्या संगणकावर ठेवा. ती सात दिवसांतून एकदा मागवता येते.