घरी बांधलेल्या गाडीचे दिवे: आयव्हीए चाचणीआधी या चुका टाळा

ब्रिटनमध्ये स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची, तर डीव्हीएसए या सरकारी वाहन तपासणी संस्थेची आयव्हीए चाचणी पास व्हावी लागते. एकाच गाडीला दिलेली ही स्वतंत्र मंजुरी. २००९ मध्ये ती एसव्हीए या जुन्या चाचणीच्या जागी आली. चॅसी, इंजिन, ब्रेक यांच्यामागे महिनोन्‌महिने घालवणारी मंडळी दिवे मात्र शेवटच्या आठवड्यात उरकतात आणि मग फेरतपासणीचे पैसे भरतात. परीक्षक दिवा लागतो का हे बघतोच, पण त्याचबरोबर टेप लावून जागाही मोजतो.

(घरी बांधलेल्या गाडीला मंजुरीची अशी वाट आहे हेच मोठं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात भंगारातून बांधलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या थांबवली जाईल असंही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली.)

चुकीच्या जागेवरून मोजणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. डिपर (म्हणजे खाली झुकलेल्या झोताचा हेडलाइट), पार्किंग लाइट आणि इंडिकेटर यांची बाहेरची कड गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिमीच्या आत हवी. ही बाहेरची कड कुठली? गाडी जिथे सगळ्यात रुंद आहे तिथली. कॅटरहॅम सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या गाड्यांचं नाक अरुंद आणि मागचे मडगार्ड रुंद असतात. नाकाशेजारी दांडीवर बसवलेला हेडलाइट समोरून कितीही शोभला, तरी माप मागच्या मडगार्डच्या रेषेपासून धरलं जातं. समजा तुमचा दिवा ३८० मिमी आत आहे, म्हणजे पास. नंतर रुंद टायरच्या हौसेपायी मडगार्ड दोन्हीकडे ६० मिमीने वाढवले, की तोच दिवा ४४० वर जातो आणि नापास होतो. दिव्याला कुणी हातही लावलेला नसतो!

उंची मोजतानाही हीच गडबड. डिपर जमिनीपासून किमान ५०० आणि कमाल १२०० मिमी, दोन डिपरमध्ये किमान ६०० मिमी अंतर (गाडीची रुंदी १३०० मिमीपेक्षा कमी असेल तर ४०० चालतं). ही मापं प्रकाश बाहेर पडतो त्या काचेच्या कडेची, क्रोमच्या रिंगची नव्हेत. ५०५ वर बसवलेला दिवा सस्पेन्शन थोडं खाली घेतलं की संपलाच. पंधरा-वीस मिलिमीटर हाताशी ठेवा.

रिअर फॉग आणि तिसरा ब्रेकलाइट

रिअर फॉग, म्हणजे धुक्यासाठीचा मागचा लाल दिवा, एकच असेल तर तो मध्यभागी किंवा उजवीकडे, २५० ते १००० मिमी उंचीवर आणि ब्रेकलाइटपासून १०० मिमीपेक्षा लांब हवा. डावीकडे जागा होती म्हणून तिथे लावला, ही सबब चालत नाही. त्याचं वायरिंग पार्किंग लाइटच्या लाइनवरून घेणं ही दुसरी नेहमीची चूक. डिपर, अप्पर (लांबचा झोत) किंवा पुढचा फॉग चालू असल्याशिवाय तो लागता कामा नये, आणि डॅशबोर्डवर त्याचा पिवळा दिवा हवा.

तिसरा ब्रेकलाइट उघड्या गाडीत विसरला जातो, कारण मागची काचच नसते. मग तो जमिनीपासून ८५० मिमीच्या वर हवा. स्टेपनी मागे टांगली असेल तर तिच्याआड कुठला दिवा झाकला जातो, हे एका बाजूला उभं राहून बघा. मागचा इंडिकेटर बाहेरच्या बाजूने ८० अंशांपर्यंत दिसायला हवा.

इंडिकेटर

पुढचा इंडिकेटर हेडलाइटला चिकटवला की देखणा दिसतो. पण डिपरपासून अंतर ४० मिमीपेक्षा कमी झालं, तर जास्त प्रखर प्रकारचा, म्हणजे १ए किंवा १बी शिक्क्याचा दिवा लागतो. साधा १ चालत नाही. आधी अंतर मोजा, मग दिवा मागवा.

एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकतो, कारण फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला) वाटतं बल्ब उडाला. मर्यादा मिनिटाला ६० ते १२०. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवा. आणि डावा दिला की उजवाही मंद लुकलुकत असेल, तर डॅशबोर्डवरचा एकुलता एक हिरवा दिवा तपासा. जुन्या पद्धतीत तो दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो आणि पलीकडच्या बल्बमधून त्याला अर्थ, म्हणजे करंट परत जायची चॅसीकडची वाट, मिळतो. बल्बला तेवढ्या करंटने काही होत नाही, एलईडी मात्र पेटतो. दोन डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) टाकून या हिरव्या दिव्याला वेगळी अर्थची वायर द्या, दोष जातो.

शिक्का न बघता खरेदी

प्रत्येक दिव्याच्या काचेवर वर्तुळातला ई आणि देशाचा आकडा असतो. ई१ जर्मनी, ई११ ब्रिटन. जर्मनीतून स्वस्तात मागवलेला हेडलाइट उजव्या बाजूच्या वाहतुकीचा असू शकतो. ब्रिटनसाठीच्या हेडलाइटवर बाण असतो, समोरून पाहिलं की उजवीकडे वळलेला. भारतातून बॅगेत आणलेला हेडलाइट डाव्या बाजूच्या वाहतुकीचाच असणार, पण त्यावर ई नसेल तर तो दर्जाचा आहे हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब खुपसणं तर सोडूनच द्या. मागचे रिफ्लेक्टर त्रिकोणी घेऊ नका, ते ट्रेलरचे.

फायबरची बॉडी आणि अर्थ

ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मिणमिणतो, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट धडधडतो. दहात नऊ वेळा दोष अर्थचा असतो. फायबरची बॉडी करंट नेत नाही, त्यामुळे स्क्रूवर भरवसा ठेवलेला दिवा दुसऱ्या बल्बच्या तारेतून अर्थ शोधतो. प्रत्येक मागच्या दिव्याला चॅसीपर्यंत स्वतंत्र काळी वायर द्या, आणि जिथे बोल्ट मारणार तिथला पेंट किंवा पावडर कोटिंग खरवडा. मग डिपर, फॉग, हॅझर्ड आणि ब्रेक एकदम चालू करून मागे कुणाला तरी उभं करा. एकेक दिवा सुटा तपासला तर हा दोष दिसतच नाही.