प्रवासाआधीची प्रवासवही कशी लिहावी

चौदाव्या-पंधराव्या वर्षी ज्यांना वाचनाचे वेड लागते, त्यांच्या मनात जगाचा एक चमत्कारिक नकाशा तयार होत असतो. त्यात वाळवंटे असतात, धुक्यातली बंदरे असतात, रात्रभर धावणाऱ्या आगगाड्या असतात. नसते ते फक्त अंतर. कथेतले पात्र एका परिच्छेदात गाडीत चढते, पुढच्या परिच्छेदात उतरते, आणि मधले तीन दिवस लेखकाने गाळले आहेत याची वाचकाला जाणीवही होत नाही. प्रवासाचे स्वप्न वर्षानुवर्षे उशाशीच पडून राहते, याला पैसा आणि वय ही कारणे असतातच. परंतु स्वप्नाला मोजमाप नसते हेही एक कारण असते आणि ते दूर करणे पंधराव्या वर्षीही आपल्याच हातात असते. त्यासाठी एक वही पुरते. वाचन, लेखन आणि प्रवासाची ओढ या तिन्ही गोष्टी त्या एकाच वहीत कशा आणाव्यात, हे पुढे सांगितले आहे.

वही शिवलेली घ्यावी; सुटी पाने नकोत, कारण लिहिलेले नावडले की सुटे पान फेकून देण्याचा मोह होतो. नेहमी उजव्या पानावरच लिहावे आणि डावे पान कोरे सोडावे, त्याचा उपयोग पुढे येईल. प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी. चामडी बांधणीची देखणी वही मात्र मुळीच घेऊ नये. तशा वहीत चूक करण्याची भीती वाटते आणि ती कोरीच राहते, हे स्वानुभवाने सांगता येईल.

पुस्तकाशेजारी नकाशा

पुस्तक वाचायला घेतले की त्यात येणारे पहिले खरे गाव नकाशात शोधावे आणि त्याचे अक्षांश-रेखांश वहीत टिपावेत. हे आकडे दिसायला कोरडे असले, तरी त्यांतून बरेच काही उलगडते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर जवळजवळ तेवढाच भरतो, ६० अंश अक्षांशावर तो निम्मा होतो आणि ध्रुवावर उरतच नाही. रेखांशात १५ अंशांचे अंतर असले, की सूर्याच्या हिशेबाने एक तासाचा फरक पडतो. एवढ्या तीन गोष्टी पाठ असल्या, तर दोन गावे एकमेकांपासून किती दूर आहेत आणि एकात दुपार असताना दुसऱ्यात काय वेळ असेल, याचा अंदाज पट्टी आणि पेन्सिल घेऊन बांधता येतो. मग कादंबरीतली नायिका डिसेंबरात ब्यूनोस आयर्सच्या गच्चीवर उघड्यावर झोपते, तेव्हा ती लेखकाची लहर नसून दक्षिण गोलार्धातला उन्हाळा आहे, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

भिंतीवरच्या नकाशावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आपल्याला सर्वाधिक परिचित असलेली नकाशाची धाटणी गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली खलाशांसाठी तयार केली. होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाचा मार्ग तीवर सरळ रेषेत काढता येतो, हा तिचा मोठा गुण. पण त्यापायी ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेच्या बरोबरीचे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. म्हणून लांबचे अंतर नेहमी पृथ्वीगोलावर मोजावे आणि त्यासाठी साधा दोरा वापरावा. लंडन आणि टोकियो यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, की तो उत्तर सायबेरियावर चढलेला दिसतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला आपला दोराच घसरला असे वाटते.

गावाच्या नावापुढे पुस्तकातल्या घटनांचे सालही लिहावे. सेंट पीटर्सबर्ग हे शहर १९१४ मध्ये पेत्रोग्राद झाले, १९२४ मध्ये लेनिनग्राद झाले आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. तीन वेगवेगळ्या कादंबऱ्यांमधून हे शहर भेटले आणि साल टिपलेले नसले, तर एकाच शहराची आपल्या डोक्यात तीन शहरे होतात.

काय वाचावे, याबद्दल माझे मत थोडे हट्टी आहे. एखाद्या प्रदेशाची ओढ लागली, तर त्यावर केवळ प्रवासवर्णने वाचू नयेत. तिथेच वाढलेल्या माणसाची एक कथा किंवा कादंबरी, बाहेरून आलेल्या प्रवाशाचे एक वर्णन आणि भूगोलाचे वा इतिहासाचे एक रुक्ष पुस्तक, अशी तिघांची साक्ष काढावी. प्रवाशाला बाजारातले रंग दिसतात; तिथल्या रहिवाशाला त्याच बाजारातली उधारी आठवते. जुनी प्रवासवर्णने वाचताना तर लेखक कोणासाठी लिहितो आहे आणि कोणाकडे तुच्छतेने पाहतो आहे, हे समासात टिपत जावे. अशी कितीतरी जुनी पुस्तके आता स्वामित्वहक्कातून मुक्त झाली असून, मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती विनामूल्य वाचता येतात. दिवसाला वीस पाने हा वेग कोणालाही जमण्यासारखा आहे आणि त्या वेगाने वर्षाकाठी अडीचशे पानांची एकोणतीस पुस्तके होतात.

लिहायचे कसे

या बाबतीत चार्ल्स डार्विन यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते उत्क्रांतीच्या सिद्धान्ताइतके अवघड नाही. केंब्रिजमध्ये शिकत असताना त्यांच्या हाती अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन निसर्गसंशोधकाचे दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाचे वर्णन पडले. त्यातला आफ्रिकेजवळच्या टेनेरीफ या स्पॅनिश बेटाचा भाग त्यांना इतका आवडला, की त्यातले लांबलचक उतारे त्यांनी उतरवून काढले आणि सहलीला गेल्यावर मित्रांना मोठ्याने वाचून दाखवले. तिथे जाण्यासाठी त्यांनी जहाजांची चौकशी केली, स्पॅनिश शिकायलाही सुरुवात केली. पुढे डिसेंबर १८३१ मध्ये बीगल जहाजातून ते निघाले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. जानेवारीत जहाज टेनेरीफसमोर उभे राहिले आणि पटकीच्या भीतीमुळे बारा दिवस विलग राहावे लागेल, असा निरोप बेटावरून आला. कप्तानाने थांबण्याऐवजी जहाज पुढे हाकारले. ज्या बेटाने प्रवासाचे वेड लावले, ते डार्विन यांना लांबूनच पाहावे लागले. मात्र त्याच महिन्यात केप व्हर्ड द्वीपसमूहातल्या सँटियागो बेटावर ते उतरले आणि उष्ण कटिबंधाची भूमी त्यांनी प्रथम तिथे पाहिली. त्या बेटासाठी त्यांनी कोणतेही उतारे पाठ केलेले नव्हते, पण बघण्याची सवय मात्र झालेली होती.

त्यांची नोंद ठेवण्याची रीत जशीच्या तशी उचलावी. जागेवर असताना खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने तुटक शब्द लिहायचे. जहाजावर परतल्यावर त्या शब्दांच्या आधारे रोजनिशीत शाईने पूर्ण वाक्ये लिहायची. पहिल्या नोंदीला व्याकरण नसले तरी चालते, दुसरीला उशीर चालत नाही. उशीर झाला की काय होते, ते इब्न बतूतांच्या बाबतीत दिसते. १३२५ साली एकविसाव्या वर्षी टँजियर सोडून निघालेला हा प्रवासी सुमारे तीन दशके हिंडला आणि परतल्यावर मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला सारा प्रवास इब्न जुझय्य नावाच्या लेखनिकाला सांगितला. ते वर्णन अनमोल आहे, यात शंका नाही. पण त्यातले काही भाग आधीच्या प्रवाशांच्या लेखनावरून घेतलेले आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे सगळेच कोणाला आठवणार?

या दुहेरी नोंदीचा सराव करण्यासाठी दूरच्या गावाची गरज नाही. रोज ज्या रस्त्याने जाता, त्याच्यावरची दहा मिनिटे निवडावीत आणि आपण या ठिकाणी आज पहिल्यांदा आलो आहोत व उद्या निघून जाणार आहोत, असे समजून चालावे. किती पावलांवर वळण येते, सावली कोणत्या बाजूला पडते, कोणता आवाज कोठे सुरू होतो आणि कोठे थांबतो, पाटीवरचे कोणते अक्षर पुसले आहे, एवढेच टिपावे. संध्याकाळी त्यावरून दोनशे शब्द लिहावेत आणि त्यांत ‘सुंदर’, ‘नयनरम्य’, ‘अविस्मरणीय’ असले एकही विशेषण येऊ देऊ नये. माझ्या सोळाव्या वर्षीच्या एका वहीत सूर्यास्ताचे तीन पानी वर्णन आहे. आकाशाला त्यात सात उपमा दिलेल्या आहेत, परंतु मी कोठे उभे राहून तो सूर्यास्त पाहत होतो, हे आज मलाही सांगता येत नाही.

हा सराव कोणाला पोरकट वाटत असेल, तर त्याने झाव्हिए द मेस्त्र या लष्करी अधिकाऱ्याची हकीकत आठवावी. द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल १७९० साली त्याला तुरीनमध्ये ४२ दिवस खोलीतच राहण्याची शिक्षा झाली, तेव्हा त्याने आपल्या खोलीतूनच प्रवास केला: पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून भिंतीवरच्या चित्रापर्यंत, आणि त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले.

न पाहिलेल्या ठिकाणी घडणारी कथा लिहावी का, असा प्रश्न या वयातल्या प्रत्येक लिहिणाऱ्याला पडतो. लिहायला हरकत नाही, पण तिथल्या रहिवाशाच्या तोंडून ती सांगण्याऐवजी नुकत्याच आलेल्या परक्याच्या नजरेतून सांगावी. परक्याला रस्ते ठाऊक नसतात, भाषा अर्धवट कळते, तो चुकीच्या दाराशी उभा राहतो. लेखकाचे अज्ञान मग कथेच्याच कामी येते.

कागदावरची सफर

वहीत सात-आठ पुस्तके जमा झाली, की त्यांतले एकच ठिकाण निवडावे आणि तिथे जाऊन परत येण्याची संपूर्ण योजना कागदावर करावी. दहा ठिकाणांची यादी करणे सोपे असते, म्हणूनच ती करू नये. निघण्याचा महिना कोणता आणि तोच का, तिथे त्या दिवसांत पाऊस किती पडतो आणि दिवस किती तासांचा असतो, कोणत्या वाहनाने कोठपर्यंत जाता येते, वाहन चुकले तर पुढचे केव्हा आहे, पहिल्या रात्री झोपायचे कोठे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खऱ्या वेळापत्रकांतून आणि खऱ्या नकाशांतून काढावे. १:५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पायी चालण्याचा टप्पा आखायला हे प्रमाण सोयीचे पडते. मात्र चढ असेल, तर सपाटीवरच्या वेळेत भर घालावी लागते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असतो, पण तो टाळता येत नाही. अल्पवयीनांच्या पासपोर्टसाठी बहुतेक देशांत पालकांची संमती लागते. एकट्याने किंवा एकाच पालकासोबत सीमा ओलांडायची असल्यास लेखी संमतिपत्र मागितले जाऊ शकते. आणि पुष्कळ देश पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, असा आग्रह धरतात. नियम बदलत असल्याने ते त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत आणि पाहिल्याची तारीख नोंदीपुढे लिहावी. मुक्कामाचा शोध घेताना युवा वसतिगृहांचा विचार अवश्य करावा. जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान या शिक्षकाला विद्यार्थ्यांना पायी सहलीला नेले असताना १९०९ मध्ये वादळी पावसात एका शाळेत रात्र काढावी लागली, त्यातून ही कल्पना निघाली, आणि १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. किती वयापासून एकट्याला प्रवेश मिळतो, हे ठिकाणागणिक वेगळे असते, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे.

तिथल्या भाषेची तयारी अभिवादनापेक्षा अंकांपासून करावी. शंभरपर्यंतचे आकडे कळले, की वेळ, फलाट आणि भाडे ही तिन्ही कळतात. त्यानंतर ‘हे कोठे आहे?’ आणि ‘कृपया लिहून द्या’ ही दोन वाक्ये शिकावीत.

सामानाची यादी केल्यावर ती निम्मी करावी. नेली ब्लाय ही पत्रकार १४ नोव्हेंबर १८८९ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा तिच्या हातात एकच छोटी पिशवी होती आणि ७२ दिवसांत ती परतलीही. आपल्या यादीत पुस्तकेच अधिक भरतात, हे वाचणाऱ्यांचे जुने दुखणे आहे. दोन नेली तरी पुष्कळ झाली.

ही योजना पूर्ण झाली, की घरच्या मोठ्यांपुढे ठेवावी. ‘मला जग पाहायचे आहे’ या वाक्याला घरातून बहुधा हसण्यावारी नेले जाते, पण वेळापत्रक, मुक्काम, खर्च आणि परतीची वेळ लिहिलेल्या चार पानांवर प्रश्न विचारले जातात, आणि चर्चा सुरू होते ती तिथूनच. मोठी सफर लगेच मिळणार नाही, हे गृहीत धरून त्याच पद्धतीने आखलेली एका दिवसाची छोटी फेरी सोबत तयार ठेवावी: सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगी, कोणा एका विश्वासू सोबत्याला घेऊन करता येईल अशी, आणि परतीचे शेवटचे वाहन कधी आहे ते दोनदा तपासलेली.

ती फेरी करून आल्यावर त्याच रात्री वही उघडावी. उजव्या पानांवर योजना असते. आता प्रत्येकीसमोरच्या कोऱ्या डाव्या पानावर वेगळ्या शाईने प्रत्यक्षात काय घडले ते लिहावे. चाळीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला असेल, पुस्तकात वाचलेला पूल दुसऱ्याच बाजूला निघाला असेल, ज्या देवळासाठी किंवा किल्ल्यासाठी गेलो त्यापेक्षा बसच्या वाटेतली एखादी गोष्टच अधिक लक्षात राहिली असेल. उजव्या पानावरचे चुकलेले आकडे खोडू नयेत. आपला अंदाज कोणत्या बाबतीत आणि किती चुकतो, हे पुढच्या योजनेच्या वेळी त्यांच्यावरूनच कळते.