समुद्री सरीसृपांचे जीवाश्म दात ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दात हातात आल्याबरोबर चित्रांशी ताडून पाहणं. निसटता मासा धरायला टोकदार, मागे वळलेला, निमुळता दात लागतो. म्हणून मोसासॉर, प्लेसिओसॉर, इक्थिओसॉर (तिन्ही डायनासोरांच्या काळातले, आता नामशेष झालेले समुद्री सरीसृप), समुद्री मगरी आणि मोठे शिकारी मासे या सगळ्यांमध्ये तसे दात स्वतंत्रपणे घडले. आकार सारखा दिसला तरी त्यावरून नातं ठरत नाही.

आधी थर विचारा

इक्थिओसॉर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. मोरोक्कोतल्या खुरीब्गाच्या फॉस्फेट खाणींमधले मोसासॉरचे थर ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा खुरीब्गाच्या दातावर ‘इक्थिओसॉर’ असं लेबल असेल, तर ते चूकच. उलट इंग्लंडच्या लाइम रीजिसचे खडक १९-२० कोटी वर्षांचे. तिथे मोसासॉर सापडणं शक्य नाही, कारण ते अजून जन्मालाच यायचे होते. पण नुसतं खाणीचं नावही पुरत नाही. खुरीब्गाचे वरचे थर मोसासॉर संपल्यानंतरचे आहेत आणि त्यांत डायरोसॉरिड या नामशेष गटातल्या मगरींचे दात मिळतात.

मग आडवा छेद बघा

दात टोकाकडून सरळ डोळ्यांसमोर धरा आणि भिंगातून पाहा. मोसासॉरच्या दाताला बहुतेक वेळा पुढे आणि मागे अशा दोन धारा असतात. या धारांमुळे दाताचे दोन भाग पडतात: बाहेरचा म्हणजे ओठाकडचा चपटा, आतला म्हणजे जिभेकडचा फुगीर. ही असमानता ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. प्लेसिओसॉरचा दात सडपातळ, छेदात गोल किंवा लंबगोल असतो. त्यावर उभ्या बारीक रेघा असतात आणि सहसा धारा नसतात. प्लायोसॉरस या आखूड मानेच्या प्लेसिओसॉरचा दात त्रिकोणी छेदाचा असून त्याची बाहेरची बाजू सपाट आणि जवळपास गुळगुळीत असते. ग्लोबिडेन्स मात्र मोसासॉर असूनही त्याचे दात अळंबीसारखे गोल, कारण तो कवचधारी प्राणी फोडून खायचा.

एन्कोडस या माशाचा लांब सुळा मोसासॉर म्हणून सर्रास खपवला जातो. तो बाजूंनी दबलेला असतो आणि पुष्कळदा टाळूच्या हाडाला जोडलेलाच मिळतो.

मूळ शाबूत असेल तर ते सोन्यासारखं जपा. मोसासॉरचं मूळ जाडजूड आणि हाडासारखं सच्छिद्र असतं. त्याच्या आतल्या बाजूला कधी कधी नव्या दाताने पोखरलेला खळगा दिसतो. इक्थिओसॉरच्या मुळावर उभ्या घड्या असतात. मूळ नाही म्हणून दात खोटा ठरवू नका. या प्राण्यांचे दात आयुष्यभर बदलत, त्यामुळे नुसता झडलेला मुकुट (दाताचा मुळावरचा भाग) मिळणं अगदी स्वाभाविक आहे.

प्रजातीचं नाव देण्याची घाई

एकाच मोसासॉरच्या तोंडात पुढचे, मागचे आणि टाळूवरचे दात वेगवेगळे असतात. टाळूवरचे दात लहान आणि जास्त वळलेले असल्यामुळे ते दुसऱ्याच प्राण्याचे वाटतात. एका सुट्या मुकुटावरून ‘मोसासॉर’ इथेच थांबणं हे प्रामाणिक निदान आहे. माझ्या मते संग्राहकांनी तेवढंच लेबलवर लिहावं.

जोडलेले जबडे

खऱ्या मुकुटाला वाळू आणि गोंदाचं मूळ लावणं, किंवा अनेक प्राण्यांचे दात एका ‘जबड्यात’ बसवणं, हे बाजारात नेहमी घडतं. मुकुट आणि मुळाच्या सांध्यावर भिंग फिरवा: हवेचे बुडबुडे आणि एकसारखे वाळूचे कण दिसले तर सावध व्हा. अतिनील दिव्याखाली बरेच गोंद वेगळे चमकतात. तज्ज्ञांनाही इथे जपून राहावं लागतं. झेनोडेन्स हा मोसासॉर २०२१ मध्ये मोरोक्कोतल्या एका जबड्यावरून जाहीर झाला. २०२४ मध्ये इतर संशोधकांनी त्याच्या अस्सलपणावर शंका घेतली आणि सीटी स्कॅनची मागणी केली. त्यांचा एक मुद्दा असा, की मोसासॉरमध्ये प्रत्येक दात स्वतःची खोबण घडवतो, पण इथे एकाच खोबणीत दोन दात दिसतात.

साफ करताना

व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल लावू नका. दाताचं खनिज त्यात विरघळतं आणि ज्या रेघांवरून ओळख पटणार, त्याच आधी पुसल्या जातात. मऊ ब्रश आणि थोडं पाणी पुरतं. दाताला भेगा असतील तर पाणीही टाळा. तुटलेले भाग जोडायचे असतील तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेला पॅरालॉइड बी-७२ हा ॲक्रिलिक गोंद वापरा, म्हणजे पुढे कुणाला जोड सोडवायचा झाल्यास तो सोडवता येईल.