आधी गिल्ड शोधा, माग नंतर घ्या

अमेरिकेत आलेय, विणकाम शिकायचंय, कुठला माग घेऊ असे मेसेज मला दर महिना-दोन महिन्यांनी येतात, बहुतेक डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मुलींचे, आणि मी सगळ्यांना एकच सांगते की बाई, माग घेऊच नको. निदान पहिलं वर्षभर तरी नको. मी घेतला होता ना! बाल्टिमोरजवळ नवीन राहायला आलो तेव्हा कुणाच्यातरी गॅरेजमध्ये पडून असलेला चार शाफ्टचा (उभे धागे वरखाली करणाऱ्या चार चौकटींचा) माग स्वस्तात मिळतोय म्हणून नवऱ्याच्या मागे लागले, ट्रक भाड्याने घेऊन तो घरी आणला आणि मग कळलं की धागे सारख्या अंतरावर ठेवणारी फणी गंजलीये आणि शाफ्टवरचे निम्मे हेडल, म्हणजे धागा ओवायचे डोळे, गायब आहेत. हौसेने पहिला पांढरा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला तर त्यावर गंजाच्या पिवळ्या उभ्या रेघा. पुढचे आठ महिने त्या मागावर कपडे वाळत घातले, त्या कामाला तो फर्स्टक्लास आहे.

मग लायब्ररीच्या बोर्डवर हँडविव्हर्स गिल्डची, म्हणजे हातमागावर विणणाऱ्यांच्या मंडळाची, चिठ्ठी दिसली. मी मूळची नाशिकची, त्यामुळे गिल्ड म्हटल्यावर मला आपली पांडवलेणीच आठवली. तिथल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवल्याचं लिहिलंय, त्यातल्या २००० वर महिना १ टक्का व्याज, आणि त्या व्याजातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण. हिशोब करून बघा, बरोब्बर जुळतो. म्हणजे तेव्हा विणकरांची श्रेणी ही बँकसुद्धा होती! इथली गिल्डं तशी नाहीत, पोटापाण्यासाठी विणणारं क्वचित कुणी, बाकी रिटायर्ड नर्स, गणिताच्या बाई, एखादे इंजिनियर काका असा सगळा हौशी कारभार. वर्षाची वर्गणी भरायची, महिन्यातून एक मीटिंग, स्वतःची लायब्ररी असते, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच गिल्डांकडे माग भाड्याने मिळतात. एवढ्यासाठीच म्हणते, आधी गिल्ड शोधा.

आता शिकण्याबद्दल. आपल्याला वाटतं विणणं म्हणजे धोटा इकडून तिकडे टाकणं. तो भाग तर मजेचा आहे आणि सगळ्यात सोपा, खरं काम त्याच्या आधीचं आणि त्यात पहिलं म्हणजे हिशोब. मला गणिताच्या बाईंनी पहिल्या दिवशी कागद-पेन्सिल दिली, धाग्याला हातसुद्धा लावू दिला नाही. ८/२ चा (हे जाडीचं माप) सुती धागा म्हणजे पाउंडाला ३३६० यार्ड. टॉवेल फणीत २० इंच रुंद, इंचाला २० धागे, म्हणजे ताण्याचे ४०० धागे. ३० इंचाचे चार टॉवेल, म्हणजे १२० इंच, शिवाय मागावर वाया जाणारं आणि सँपलचं धरून साडेचार यार्ड लांबी. झाले १८०० यार्ड नुसत्या ताण्याचे, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, साधारण दीड हजार, म्हणजे एका पाउंडाच्या कोनात (शंकूसारख्या रिळात) चार टॉवेल जेमतेम बसतात. फणी १२ ची, म्हणजे इंचाला १२ घरांची, असेल तर दर तीन घरांत १-२-२ असे धागे ओवायचे की इंचाला बरोबर २० येतात. हे सगळं मला त्या कागदावर समजलं, तोवर मी सहा महिने व्हिडिओ बघत होते.

दुसरी गोष्ट क्रॉसची. ताणा खुंट्यांच्या चौकटीवर गुंडाळताना एका जागी धागे एकमेकांना ओलांडून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे जातात, त्यावरून धाग्यांचा क्रम कळतो, म्हणून चौकटीवरून काढायच्या आधी तिथे चारही बाजूंनी दोरी बांधायची. मी बांधली नाही, विसरले. ४०० धाग्यांचा गुंता मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा शेजारची रिटायर्ड नर्स म्हणाली, सगळ्यांचं एकदा होतं, चल कात्री आण. सोडवत बसायचं नाही म्हणे. मला कापवेना, आमच्याकडे दोऱ्याचा तुकडाही डब्यात ठेवायची सवय, पण शेवटी कापलं.

पुढच्या ताण्याला ट्विल, म्हणजे तिरक्या रेघांची वीण, विणताना सहा इंचांनंतर दिसलं की तिरक्या रेघेत मधेच एक खोट आहे, दोन धागे चुकीच्या शाफ्टवर ओवलेले. मला वाटलं आता सगळं उसवा. त्याच नर्सने दोऱ्याची दोन हेडलं गाठी मारून बरोबर शाफ्टवर बांधली, ते दोन धागे फणीतून ओढून काढले, नव्या हेडलांतून ओवून परत फणीत घेतले आणि टाचणीला गुंडाळून ताणून ठेवले. दहा मिनिटं! हे व्हिडिओत बघून कळत नाही, हाताशेजारी हात लागतो.

मीटिंगमध्ये शेवटी शो अँड टेल असतं, आपण जे विणलं ते दाखवायचं. माझ्या आईची येवल्याची पैठणी घेऊन गेले होते एकदा, मला वाटलं मोर बघून वाहवा करतील. त्यांनी पदर हातात घेतल्या घेतल्या उलटा केला! मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच बघून सगळे गप्प, मग प्रश्न सुरू, वेगळ्या रंगाचे बाण्याचे धागे एकमेकांत कसे अडकवलेत, इंचाला ताणे किती. मला एकाचंही उत्तर येईना. येवल्याला मागाशेजारी उभं राहून मी फक्त भाव केला होता, आता आठवलं की लाज वाटते. पुढच्या भारतवारीत तिथे अख्खा दिवस बसले, पदराच्या नक्षीला बाण्याच्या किती बारक्या कांड्या एकाच वेळी लटकत असतात ते मोजत.

टॉवेल एक्स्चेंजला नाव जरूर द्या, दहा जण असतील तर दहा टॉवेल विणायचे आणि प्रत्येकाचा एकेक ड्राफ्टसकट (विणीच्या आराखड्यासकट) घरी आणायचा, याच्याइतकं स्वस्त शिक्षण नाही. स्टडी ग्रुप पण असतात, आमच्याकडे एक वर्ष ओव्हरशॉटचं होतं, जुन्या अमेरिकन चादरींची विण, पॅटर्नची नावं कशी तर ‘लीज सरेंडर’, म्हणजे सिव्हिल वॉरमधल्या जनरल लीची शरणागती! आणि मे महिन्याच्या पहिल्या वीकेंडला हॉवर्ड काउंटीत मेरीलँडचा शीप अँड वूल फेस्टिवल असतो, तिथली शीप टू शॉल स्पर्धा चुकवू नका, काही तासांत लोकरीचं सूत कातून शाल विणून काढतात. ताणा आधीच चढवलेला असतो बरं का, मी आपली बावळटासारखी सकाळपासून त्याचीच वाट बघत होते.

करिअरचं विचाराल तर हँडविव्हर्स गिल्ड ऑफ अमेरिका, १९६९ ची संस्था, दर दोन वर्षांनी कन्व्हर्जन्स नावाची मोठी परिषद भरवते आणि त्यांचं सर्टिफिकेट ऑफ एक्सलन्सही आहे, पण ते वर्षानुवर्षं विणलेल्यांसाठी, लगेच त्याच्या मागे लागू नका. गिल्डच्या विक्रीत टॉवेल ठेवायचा मोह होईल, पण व्हिसावर कामाची परवानगी नसेल तर आधी वकिलाला विचारा. मी तेव्हा काहीच विकलं नाही, सगळे टॉवेल सासरी-माहेरी वाटले, सासूबाईंनी ते शोकेसमध्ये ठेवलेत, हात कुणीच पुसत नाही.

पहिल्या मीटिंगला जाताना स्वतः विणलेलं काही नसलं तरी चालतं, घरातलं एखादं हातमागाचं कापड न्या, इरकल, घोंगडी, काहीही. खणावर तर तुटून पडतात, माझे दोन खण सँपल बघायला म्हणून गेलेत ते अजून परत आलेले नाहीत.