सप्ताहात बायकांचा मान साडी-नारळावर भागवू नका, त्यापेक्षा एवढं करा

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका कुठल्याही गावची उचला, साचा एकच. पहाटे ४ ते ६ काकडा, मग विष्णुसहस्रनाम, मग ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री ९ ते ११ कीर्तन. मध्ये महाराज मंडळींचे फोटो, त्याखाली अन्नदाते, मंडप सौजन्य, साउंड सौजन्य, मृदंगमणी, गायनाचार्य, चोपदार, विणेकरी, आणि पार तळाला बारीक अक्षरात "समस्त महिला मंडळ". झालं, सात दिवस ज्यांच्या हातचं गाव जेवतं त्यांचा हिशोब तीन शब्दांत मिटला.

तुम्ही सप्ताह कमिटीत असाल किंवा नसाल पण चार लोक तुमचं ऐकत असतील तर हे बदलता येतं, त्याला फार वर्गणी पण लागत नाही. मी लिहितेय ते सगळं कुठल्याही गावात जमण्यासारखं आहे. फक्त एक पक्कं डोक्यात ठेवा, की भाकरी थापणारीला देवी, अन्नपूर्णा, नारीशक्ती वगैरे म्हणायची काही गरज नाही, तिचं काम हे विणा घेऊन पाळीपाळीने उभं राहण्याच्या पहाऱ्याइतकंच सेवेचं आहे असं धरून वागलं की पुरे, बाकी सगळं त्यातूनच सुचत जातं.

सुरुवात नावांपासून करा, आणि पत्रिका प्रेसला जायच्या आधी करा, नंतर मग "आता जागा नाही" हे ठरलेलं उत्तर येतं. एक वही घ्या, गल्लीगल्लीतून फिरा आणि कोण काय करतं ते लिहून घ्या. काकड्याच्या आधी मंदिरापुढे सडा कोण घालतं, रांगोळी कोणाची, फुलवाती कोण वळून देतं, कोणाच्या घरून रोज दूध येतं, बाहेरगावचे टाळकरी कोणाच्या ओसरीवर झोपतात आणि त्यांना पहाटे आंघोळीला गरम पाणी कोण देतं. हे विचारायला पुरुष गेले तर घरचा बाप्याच पुढे येऊन स्वतःचं नाव सांगतो, त्यामुळे दोन कॉलेजच्या पोरी पाठवा. आणि नाव तिचं लिहा, "अमक्यांच्या मातोश्री" किंवा "तमक्यांच्या मंडळी" नको. सौ. आणि श्रीमती पण काढून टाका, नवरा आहे की गेला हे पत्रिकेत छापायचं कारणच काय. लावायचंच असेल तर ह.भ.प. लावा, पुरुषांना चार अभंग पाठ असले की लागतंच ना.

आता भाकरी. इथे जरा थांबते कारण खरं काम इथेच आहे. श्रीरामपूर-वैजापूर पट्ट्यातल्या लोकांना सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह माहीतच आहे, लाखांनी माणूस येतो आणि प्रसाद आमटी-भाकरीचा. आमटी काहिलीत शिजते, पण भाकऱ्या आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून येतात. म्हणजे काय, तर कितीतरी घरांत कितीतरी बायका दुपारपासून तव्यापुढे बसलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी मंडपापर्यंत पोचत पण नाहीत. लहान गावात पण तेच, आकडा तेवढा कमी. आमच्या आळीत एक आजी आहेत, त्या भाकरी करताना हरिपाठ म्हणतात, पुस्तक नाही काही नाही, थापताना एक चरण, तव्यावर टाकली की दुसरा, पाण्याचा हात फिरवला की तिसरा, आणि हरिपाठ संपला की त्यांच्या परातीतलं पीठ पण संपलेलं असतं. सून घड्याळ बघते, त्या बघत नाहीत. आता ह्याला साधना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं मला सांगा.

तर कमिटीने काय करायचं. एक तर घरागणिक भाकऱ्यांचा आकडा ठरवताना घरात करणाऱ्या किती आहेत ते बघा, एकटी म्हातारी राहते तिच्यावर पण वीस आणि पाच सुना आहेत तिथे पण वीस हा न्याय नाही. सरपण, पीठ, गॅस ह्याचा खर्च कमिटीच्या हिशोबात धरा, बहुतेक ठिकाणी ते "घरचंच" म्हणून सोडून देतात. भाकऱ्या गोळा करायला टेम्पो दारात जाऊ दे, बाईने टोपलं डोक्यावर घेऊन मंदिरापर्यंत यायची गरज नाही. आणि एक वही ठेवा, कोणाच्या घरून किती आल्या त्याची, जशी वर्गणीची पावती फाडता तशी. शेवटच्या दिवशी देणगीदारांची यादी वाचता तेव्हा ही पण वाचा. एक क्विंटल साखर देणाऱ्याचं नाव दोनदा पुकारता, मग सात दिवसांत दोनशे भाकऱ्या देणारीचं एकदा तरी पुकारा की.

कीर्तनात जनाबाईंची कथा येतेच. विठ्ठल स्वतः जनीला दळू लागला हे महाराज रंगवून सांगतात, सगळ्यांच्या माना डोलतात, डोळ्यांना पाणी येतं. आणि त्याच वेळी मंडपाच्या मागे नळावर सात-आठ बायका पंगतीची भांडी घासत असतात आणि त्यांना नुसतं टाळांचं झांजझांज ऐकू येतं, शब्द एक नाही. मला ह्याचा राग येतो, लिहून टाकते. उपाय अगदी साधा आहे, पंगत साडेसहा-सातला उरका, भांडी घासायच्या पाळ्या तरुण पोरांना वाटून द्या, वाढायला उड्या मारतात तर घासायला पण येऊ देत, आणि एक स्पीकर स्वयंपाकाच्या बाजूला तोंड करून लावा. नऊ वाजता माइकवरून "माउली सुरू करायचं का" विचारायच्या आधी कोणीतरी मागे जाऊन सगळ्या बायका येऊन बसल्या का ते बघून या. विठ्ठल दळू लागला होता, तुम्ही निदान पातेलं विसळा.

आणखी एक गोष्ट कोणी मीटिंगमध्ये काढत नाही म्हणून इथे लिहिते. संडास. मंडपाजवळ बायकांची सोय नसते त्यामुळे म्हाताऱ्या बायका दुपारपासून पाणीच पीत नाहीत आणि रात्री पायात गोळे येतात, पारायणाला बसलेल्यांचे तर हाल. शाळा जवळ असेल तर हेडमास्तरांशी बोलून तिथली मुलींची सोय सात दिवस उघडी ठेवा, लाइट आणि पाण्याची बादली बघा, शाळा लांब असेल तर शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवा. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी दहा-पंधरा खुर्च्या पुढे टाका, शेवटी नाही.

मग येते सेवा म्हणजे विणा, हरिपाठ, कीर्तन. विण्याचे पहारे साधारण दोन-दोन तासांचे असतात, विणा खाली ठेवायची नसते, ते वेळापत्रक बायकांसमोर पण ठेवा आणि ज्यांना उभं राहायचंय त्यांची नावं घाला, दिवसाचे पहारे बायका सहज सांभाळतात. महिला भजनी मंडळ असेल तर त्यांना दुपारी तीनला, जेव्हा ऐकायला कुत्रं नसतं, तेव्हा वेळ देऊ नका, निदान एक दिवस संध्याकाळचा हरिपाठ त्यांचाच ठेवा, पखवाजाची साथ नीट द्या आणि सुरुवातीची पट्टी त्यांना ठरवू द्या, पुरुषांच्या पट्टीत गायला लावलं की आवाज लागत नाही आणि मग लोक म्हणतात बायकांना जमत नाही. सातातलं एक तरी कीर्तन बाई कीर्तनकाराचं ठेवा. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ ला वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा पोरंच शिकायची, आता ठिकठिकाणी मुली पण कीर्तन शिकून तयार होतात, फक्त तारीख वेळेवर घ्या. बिदागी इतरांएवढीच.

कोणी म्हातारा म्हणेलच की बायकांनी कीर्तन करू नये असं आमच्यात आहे. त्याच्याशी वाद घालत बसू नका, एवढंच विचारा की मुक्ताबाईंची पालखी जळगाव जिल्ह्यातून एवढं लांब चालत पंढरपूरला येते ती कोणाची असते. तुकोबांना गुरू मानणाऱ्या शिऊरच्या संत बहिणाबाईंनी मारणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार करत अभंग रचले आणि स्वतःची कहाणी पण अभंगातच सांगून ठेवली, ते आपण गातोच. मग अडचण नक्की कुठे आहे?

आता जरा अवघड भाग. काल्याच्या म्हणजे शेवटच्या दिवशी दिंडी प्रदक्षिणा निघते, दारादारात विणेकऱ्याच्या पायावर पाणी घालतात, ओवाळतात. तिथे नवरा गेलेल्या बायका उंबऱ्याच्या आत उभ्या राहतात, कोणी सांगत नाही पण राहतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामपंचायतीत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या आणि मग शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं, पण परिपत्रकाने उंबरा ओलांडला जात नाही, त्याला घरचं माणूस लागतं. आपल्या दारात दिंडी आली की ताट सुनेच्या हातात न देता आईच्या किंवा काकूच्या हातात द्या आणि "आई, ओवाळ" एवढंच म्हणा. भाषण नको. पहिल्या वर्षी त्या मागे सरतील, हात थरथरेल, शेजारीण काहीतरी पुटपुटेल, तुम्ही ताट परत घेऊ नका. विणेकऱ्याला आदल्या दिवशी कल्पना देऊन ठेवा म्हणजे तो थांबतो, अवघडत नाही.

आणि पाळीचं. सप्ताहाच्या आधी बायका तारखा मोजतात, काही जणी न विचारता मेडिकलमधून गोळ्या आणून घेतात. चोखोबांच्या बायको सोयराबाईंनी विटाळावर थेट अभंग केलाय, की विटाळाशिवाय देह जन्मला तरी कुठे, आणि तो अभंग आपण माइकवर लावतो. निदान कमिटीने "अडचण असेल तर येऊ नये" असली सूचना माइकवरून देणं बंद करावं, आणि मोठ्या बायकांनी पोरींना गोळ्या घ्यायला लावू नयेत. ज्यांचं मन तयार होत नाही त्यांना ओढत आणायचं नाही, जी येते तिला विचारायचं नाही, एवढं पहिल्या वर्षासाठी भरपूर झालं.

सप्ताहाच्या निमित्ताने अजून एक काम करून घ्या, जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आता त्या पारी (PARI, पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात, आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव, गाव सगळं दिलेलं असतं. तेच आपल्या गावापुरतं करायचं. मोबाइल पुरतो. फोन जात्यावर ठेवू नका, घरघर येते, शेजारी उशीवर ठेवा, फॅन बंद करा, नोटिफिकेशन बंद करा. आजीला समोर बसवून "हं, म्हणा" म्हटलं तर त्या म्हणणार "मला काय येतंय बाई". हाताला काम लागतं. जातं असेल तर मूठभर ज्वारी टाका, नसेल तर तूर पाखडायला, शेंगा फोडायला द्या आणि "पहिली माझी ओवी" तुम्ही चुकतमाकत सुरू करा, त्या चूक सुधारायला म्हणून पुढची आपोआप म्हणतात. मध्ये खोकला आला, नातू रडला, चालू द्या. शब्द दुरुस्त करू नका, तुमच्या पुस्तकात वेगळा असेल, त्यांच्या आईने तसाच शिकवलेला असतो. शेवटी त्यांच्याच तोंडून नाव, माहेर आणि कोणाकडून शिकली हे बोलून घ्या. आणि स्टेटसला टाकायच्या आधी विचारा, कारण निम्म्या ओव्या पांडुरंगाच्या असतात आणि निम्म्या सासूच्या, ती सासू गेलेली असली तरी नणंद गावातच असते.

सत्काराबद्दल थोडक्यात. साडी देऊ नका, सगळ्यांच्या ट्रंकेत घडी न मोडलेल्या पडून आहेत. मोठ्या टायपाचं हरिपाठाचं पुस्तक द्या, नंबर लागला असेल तर चष्मा करून द्या, कधीच वारीला न गेलेल्या एकीचा आषाढीचा खर्च कमिटीने उचला आणि ती जाईल तेव्हा घरची म्हैस कोण बघणार ते पण ठरवा, नाहीतर ती जाणारच नाही. आमदारांच्या हस्ते नको, आमदार दोन तास उशिरा येतात. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माळकरी बाईच्या हस्ते करा. टोपी-उपरणं घालतात तसं बुक्का लावून तुळशीची माळ घाला, आणि माइक तिच्या हातात द्या, बोलली तर बोलली, नाहीतर एक अभंग म्हणेल.

काला झाला, मंडप उतरला की हिशोबाची मीटिंग असते. ती रात्री नऊला पारावर ठेवू नका, दुपारी दोनला मंदिरात ठेवा, भांडी आवरून बायका तेव्हाच मोकळ्या असतात, आणि भाकऱ्यांची ती वही सोबत घेऊन या.