सिझरच्या टाक्यांजवळची गाठ: डेस्मॉइड असेल तर या चुका टाळा

बाळंतपणानंतर पोटाला टणक गाठ लागली की घरात दोनच तर्क निघतात, चरबीची गाठ नाहीतर हर्निया. बऱ्याचदा तसंच असतं. पण तिशीच्या आसपासच्या बायकांमध्ये, बाळंतपणाच्या मागेपुढे, क्वचित डेस्मॉइडही निघते. वर्षाला दहा लाखांत पाच-सहा जणांनाच होणारी ही गाठ कॅन्सरसारखी दुसऱ्या अवयवांत पसरत नाही. मात्र तिला स्वतःचं वेष्टन नसतं, ती आजूबाजूच्या स्नायूत मुळं धरते.

पहिली चूक म्हणजे नीट हात न लावताच निदान करणं. हर्निया खोकल्यावर फुगतो आणि आडवं झाल्यावर बहुधा आत जातो. चरबीची गाठ मऊ असते, बोटाखाली सरकते. टाक्यात एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्या जागी वाढणं) असेल तर ती जागा बहुधा पाळीच्या दिवसांत ठणकते. उताणं झोपून मान उचलली, पोट ताठ केलं, तरी गाठ तिथेच घट्ट लागत असेल, तर ती पोटाच्या स्नायूत असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची: ‘आधी काढून टाकू, मग तपासू.’ आधी सोनोग्राफी, मग एमआरआय, आणि त्यानंतर जाड सुईने तुकडा घेऊन बायोप्सी, हाच क्रम हवा. बारीक सुईच्या एफएनएसीत पेशी फार थोड्या येतात, त्यावर विसंबू नका. सुई टोचली की गाठ चिघळते, ही भीती घरोघरी ऐकू येते आणि तिच्यापायी महिने वाया जातात. नीट आखून केलेल्या बायोप्सीला घाबरण्याचं कारण नाही. रिपोर्टमध्ये बीटा-कॅटेनिनची (डेस्मॉइड ओळखायला मदत करणाऱ्या प्रथिनाची) तपासणी झाली आहे का, ते विचारा. शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या आणि अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या केंद्रात दाखवा. मुंबईचं टाटा मेमोरियल त्यातलं एक.

निदान झालं की लगेच ऑपरेशनची तारीख मागितली जाते. पूर्वी तीच रीत होती, पण काढूनही गाठ पुन्हा यायची. आता बहुतेकदा आधी लक्ष ठेवतात: पहिला एमआरआय महिना-दोन महिन्यांत, मग दर तीन ते सहा महिन्यांनी. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही पाचातल्या एकाची गाठ बरीच आकसली होती. गाठ वाढतच राहिली किंवा दुखणं सोसेना, तर औषधं, क्रायोॲब्लेशन (गाठ गोठवून मारणं) किंवा शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. पोटाच्या स्नायूतल्या वाढत्या गाठीला शस्त्रक्रिया आजही चांगला पर्याय आहे.

औषध सुरू करण्याआधी पुढच्या बाळाचा विचार डॉक्टरांना सांगा. अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता मिळालेलं डेस्मॉइडवरचं औषध निरोगासेस्टॅट बीजाशयाच्या कामात अडथळा आणू शकतं, आणि मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध चालू असताना गर्भ राहणं धोक्याचं. पण ‘आता दिवस राहूच देऊ नका’ असं सरसकट सांगणंही चूक आहे. गरोदरपणात गाठ वाढू शकते, म्हणून तपासण्या जवळजवळ ठेवाव्या लागतात, इतकंच.

आणि घरातली माहिती लपवू नका. वडिलांना, आत्याला मोठ्या आतड्यात पुष्कळ पॉलिप (आतल्या अस्तरावरचे कोंब) असतील किंवा कमी वयात आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर ही गाठ एफएपी या, आतड्यात असे पुष्कळ पॉलिप होणाऱ्या आनुवंशिक आजाराची खूण असू शकते. अशा वेळी कोलोनोस्कोपी आणि जनुक तपासणी पुढे ढकलू नका.