नवीन इटालियन हॉटेलात जाताना: मागच्या दाराने भाजी देणाऱ्याचा सल्ला

गिरणारेला आमचं पॉलीहाऊस आहे. रंगीत सिमला मिरची, झुकिनी, चेरी टोमॅटो आणि बेसिल, म्हणजे इटालियन तुळस. यातला बराच माल नाशकातल्या हॉटेलांना जातो आणि सकाळी गाडी घेऊन तो मीच उतरवतो, मागच्या दाराने. त्यामुळे गंगापूर रोडला नाहीतर कॉलेज रोडला नवीन इटालियन हॉटेल उघडलं की नातेवाइकांचे फोन मला येतात. "भाऊ, जायचं का? आणि गेलो तर मागवायचं काय?" प्रत्येकाला तेच सांगायचं, त्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

उघडल्या उघडल्या जाऊ नका. पहिल्या पंधरवड्यात सवलतीची गर्दी असते, रील काढणारे असतात, मालकाचे पाहुणे असतात आणि आतलं स्वयंपाकघर अजून लागलेलं नसतं. मला ते ऑर्डरीवरूनच कळतं. पहिल्या आठवड्यात क्रेटभर झुकिनी मागतात, पुढच्या आठवड्यात म्हणतात, "भाऊ, कालचीच पडून आहे." आपल्याकडे काय खपणार हे त्यांचं त्यांनाच अजून उमगलेलं नसतं. महिनाभर जाऊ द्या. मग मंगळवार-बुधवार बघून संध्याकाळी साडेसातला जा. रविवारी रात्री नऊला सगळं नाशिक एकदम बाहेर पडतं आणि भट्टीत तर एका वेळी मोजकेच पिझ्झे बसतात. हॉटेल त्र्यंबक रोडला असेल तर श्रावणी सोमवार टाळा, तिसरा तर नक्कीच. ब्रह्मगिरीच्या फेरीच्या गर्दीत गाडी अडकली तर जेवण राहिलं बाजूला.

निघण्याआधी एक फोन करा. टेबल तर सांगून ठेवाच, पण घरात म्हातारं माणूस असेल तर लिफ्ट आहे का तेही विचारा. हल्ली निम्मी हॉटेलं गच्चीवर असतात.

आता मेन्यू. इटलीत जेवणाची उतरंड असते: आधी थोडं तोंडी लावायला, मग पास्ता किंवा रिसोटो (इटालियन मऊ भात), मग मांस-मासळी, शेवटी गोड. पास्ता तिथे मधला टप्पा आहे, आपल्याकडे तोच अख्खं जेवण होतो. ते तसंच चालू द्या, सगळं मध्ये ठेवून वाटून खा. फक्त सगळी ऑर्डर एका दमात देऊ नका. चौघांत एक स्टार्टर, एक पिझ्झा, एक पास्ता सांगा आणि थांबा. ते खाऊन झाल्यावर पुढचं ठरवा. सहा डिश एकदम आल्या की टेबलावर जागा उरत नाही, पिझ्झा गार होतो, चीज चिवट होतं आणि मग नाव हॉटेलचं खराब होतं.

पहिला पिझ्झा मार्गारिटाच सांगा. भाचा तोंड वाकडं करेल, पनीर टिक्का पिझ्झा हवा म्हणेल. त्याला पुढच्या वेळी द्या. मार्गारिटात टोमॅटो, मोझरेला, बेसिल आणि पाव एवढंच असतं, त्यामुळे लपवायला जागा नाही. स्वयंपाकघर कसं आहे ते या एका डिशमध्ये कळतं.

टोमॅटोपासून सुरुवात करा. चीज नसलेला कडेचा थोडा सॉस बोटाने जिभेवर ठेवा. आपल्याकडे पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येणारा टोमॅटो ट्रकने लांबच्या राज्यांत टिकून पोचावा अशा बेताचा असतो: जाड सालीचा, घट्ट आणि आंबटाकडे झुकणारा. भाजीला, रश्शाला उत्तम. पिझ्झाच्या सॉसला मात्र गर जास्त आणि गोडसर लागतो. म्हणून चांगली हॉटेलं इटलीहून आलेले डब्यातले सोललेले टोमॅटो वापरतात, किंवा त्यात आपला थोडा मिसळून मंद आचेवर आटवतात. मागच्या दाराशी ते रिकामे डबे मला रोज दिसतात. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट मेन्यूत "शेतातला ताजा टोमॅटो" असं ठळक छापलेलं असतं तिथेच मी जरा जास्त चौकशी करतो. सॉस आधी आंबट आणि मागून गोड लागला तर तो शिजवलेला आहे. पहिल्याच क्षणी गोड लागला आणि मागे व्हिनेगर रेंगाळलं तर केचअपच्या बाटलीचा हात लागलेला आहे.

मग बेसिल, माझा स्वतःचा माल. बेसिलला थंडी अजिबात सोसत नाही. दहा अंशांच्या खाली नेलं की पान काळं पडतं, मग ती थंडी फ्रिजची असो की निफाडकडून येणारी डिसेंबरातली. आम्ही डब्यात ओलसर कागद घालून देतो आणि दर वेळी बजावतो, बाहेर ठेवा. तरी नवीन पोरगं कोथिंबिरीबरोबर फ्रिजमध्ये ढकलतंच. तुमच्या पिझ्झावरचं पान उचलून दोन बोटांत चोळा. लवंगेच्या अंगाने जाणारा वास दरवळला पाहिजे. भट्टीत भाजल्यामुळे कडा काळी झाली असेल तर हरकत नाही, ती कुरकुरीत असते. सबंध पान काळं, लिबलिबीत आणि बिनवासाचं असेल तर ते फ्रिजमधून आलंय. भर थंडीत आमचंही उत्पादन बसतं, तेव्हा पेस्टो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, मागवताना "आज केलेला आहे का?" एवढं विचारून घ्या. नाहीतर बाटलीतला येतो. आणि आपल्याकडे पेस्टोत चिलगोज्यासारख्या महागड्या पाइन नटऐवजी सर्रास काजू घालतात. मला तो आवडतो, पण काजूची ॲलर्जी असणाऱ्याने विचारलेलं बरं.

शेवटी पिझ्झाचा तुकडा उचलून खालची बाजू बघा. तिथे तपकिरी-काळे ठिपके हवेत. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो. काठ फुगलेला आणि मध्यभाग मऊ, थोडा ओला राहतो, घडी घालूनच खायचा. ही कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेली. आपली माणसं तो मध्यभाग बघून "कच्चा राहिलाय" म्हणून परत पाठवतात आणि आतला शेफ कपाळावर हात मारून घेतो. तुम्हाला कुरकुरीत आवडत असेल तर आधीच सांगा, बहुतेक ठिकाणी पातळ रोमन पद्धतीचाही करून देतात.

पास्त्यात पहिल्या फेरीला पिंक सॉस नको. टोमॅटो आणि क्रीम एकत्र केलं की काहीही खपून जातं. घरची पोरं तोच मागतात, मीही खातो, पण त्यावरून हॉटेलची परीक्षा होत नाही. आल्यो ओल्यो सांगा: लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची, संपलं. लसूण करपला की कडू लागतो, कमी पडला की डिश मिळमिळीत, म्हणजे इथेही लपवायला काही नाही. पास्ता दाताखाली किंचित करकरला पाहिजे. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातकुळीतला, म्हणून तो शिजूनही अंग धरून राहतो. एखादा तुकडा दाताने तोडून बघा, मधोमध फिकट बारीक ठिपका दिसला तर बरोबर शिजलाय. हे आईसारख्यांना चालत नाही. मग सरळ "जरा मऊ करा" म्हणा, पैसे आपण देतोय. मेन्यूत व्हेज कार्बोनारा दिसला तर तो नुसता क्रीमचा पास्ता समजायचा. खऱ्या कार्बोनारात अंड्याचं बलक, डुकराच्या गालाचं मांस, चीज आणि मिरी असते, क्रीम नसतंच.

रिसोटोला अठरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आला तर अर्धा आधीच शिजवून ठेवलेला असतो. गर्दीच्या वेळी बहुतेकजण तसंच करतात, त्यावर वाद घालू नका. तो ताटलीत सैलसर पसरला पाहिजे, ढिगासारखा उभा राहता कामा नये. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला आसट भात!" मग मशरूम बाजूला काढून सगळा संपवला. अण्णांचं वेगळं. असल्या ठिकाणी यायचं तर ते घरून अर्धी भाकरी खाऊनच निघतात. त्यांच्यासाठी मिनेस्ट्रोने सूप आणि फोकाचा पाव सांगतो. भाज्या, घेवड्याचे दाणे आणि बुडवून खायला पाव, त्यात ते खूश असतात. ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सवर हात टाकायच्या आधी एक घास तसाच खा, एवढंच माझं म्हणणं.

शाकाहारी मंडळींनी इथे नीट लक्ष द्या, कारण हिरव्या ठिपक्यावर सगळं भागत नाही. "हे व्हेज आहे ना?" असं विचारलं की वेटर मान डोलावतो. त्याची चूक नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. नेमकं विचारा. टिरामिसू या गोड पदार्थात अंडं आहे का? मूळ कृतीत कच्चं अंडं असतंच, बऱ्याचदा दारूचाही शिडकावा असतो. पॅना कोटा, म्हणजे क्रीमचं घट्ट गोड, जिलेटिनचं की समुद्री शेवाळाच्या अगर-अगरचं? जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. ताजा पास्ता अंड्यात मळलेला आहे का? सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासळी आहे का? आणि परमेजान चीज कुठलं आहे? अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, विरजतात. देशात बनणारं बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, त्यामुळे उत्तर बहुधा तुमच्या सोयीचं येईल. पण ते शेफकडून आलं पाहिजे, म्हणून वेटरला म्हणा, "दादा, आत विचारून या, आम्ही थांबतो." जैन पाहुणे असतील तर हे सगळं आदल्या दिवशीच फोनवर बोला. लाल सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात होतो, त्यात लसूण-कांदा पडलेला असतो आणि रात्री नऊला तो कोणी वेगळा करून देत नाही.

वाइन घेणारे असाल तर परदेशी बाटलीच्या मागे लागू नका, आपण नाशकात आहोत. पेस्टो किंवा मासळीबरोबर थंड शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन छान जाते. टोमॅटोच्या सॉसबरोबर लाल. गंमत म्हणजे नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो या सिसिलीच्या द्राक्षजाती आपल्या निफाडकडेही लावल्या गेल्यात आणि त्यांची वाइन निघते. यादीत असेल तर पेला मागून बघा, बाटली नंतर. गाडी चालवणाऱ्याने लिंबू सरबत.

बिल आलं की चष्मा लावा. साध्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के जीएसटी, बिलावर तो अडीच-अडीच टक्के असा दोन ओळींत दिसतो. ज्या लॉजिंगच्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के होतो. वाइनवर जीएसटी नाही, व्हॅट वेगळा लागतो. सर्व्हिस चार्ज नावाची ओळ असेल तर तो द्यायलाच हवा असं नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांनी तो आपोआप बिलात लावू नये असं सांगितलंय. आवाज न चढवता "हा काढून द्या" म्हणायचं, काढतात. मी तो काढायला लावतो आणि वाढणाऱ्या पोराच्या हातात रोख ठेवतो.

उरलं तर पिझ्झा बांधून घ्या, पास्ता तिथेच संपवा. पास्ता घरी जाईपर्यंत सगळा सॉस पिऊन गोळा होतो. पिझ्झा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवायचा, कडेला चार थेंब पाणी टाकून झाकण घालायचं. दोन-तीन मिनिटांत खालून कुरकुरीत, वरून चीज सुटलेलं. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, काठ चामड्यासारखा होतो.